हलवताना बदलू नये

बिल्ड कुठेही होत नाही.
होते फक्त त्या मशीनवर, जिच्या सी ड्राइव्हमध्ये
बोरकुटे नावाचं घर आहे.
म्हणून सहा वर्षं, नवा मुलगा रुजू झाला की
त्याच्या लॅपटॉपवर आम्ही आधी बोरकुटे बांधायचो,
मग पासवर्ड, मग चहा.

कळमन्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर.
ट्रक भरलेला, ट्रक रिकामा, मधला फरक म्हणजे संत्री.
एवढ्यासाठी नऊशे बारा फायली,
सगळ्या एकाच फोल्डरमध्ये,
लग्नघरात रात्री चपला असतात तशा.

मे महिन्यातला शनिवार, सेहेचाळीस डिग्री.
त्रिमूर्ती नगरच्या ऑफिसात मी एकटी
आणि कूलर. दर तासाला त्याला दोन बादल्या.
कागदावर पेन्सिलीने चार खोल्या काढल्या:
काटा, पावती, अडत, हमाली.
कोणती फाइल कोणाच्या खोलीत, हे ठरवता ठरवता
दुपार टळली.

एक नियम पाळला. हलवताना बदलू नये,
बदलताना हलवू नये.
दोन्ही एकदम केलं तर इतिहास गोंधळतो,
म्हणतो, जुनी फाइल वारली
आणि ही दुसरीच कोणी आज जन्माला आली.
म्हणून चुका दिसत होत्या तरी हात आवरला.
'वजण' असं लिहिलेलं तसंच उचललं,
तसंच नेऊन ठेवलं.

पावतीला हमाली हवी होती,
हमालीला पावती.
आधी तू, आधी तू, अशी दोघी दारात अडलेल्या.
तास गेला, तेव्हा कळलं
दोघींना एकमेकींचं काहीच नको होतं.
हवा होता एक आकडा:
रिकाम्या क्रेटचं वजन.
त्याला पाचवी खोली दिली. लहानशी.

मग रस्ते. दोनशे चौदा ठिकाणी
सी, मग बोरकुटे, मग कळमना, मग पुढचं सगळं.
या शहरात असा पत्ता कोण सांगतो?
पाण्याच्या टाकीवरून आत ये,
दुसऱ्या गल्लीत पापडवाल्याच्या वर, असंच सांगतात,
तू उभा आहेस तिथून.
तसंच केलं. दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर,
अजून दोन टिंबं, अजून एक,
मग समोरची खोली.

संध्याकाळी नाव शोधलं.
शोध म्हणाला, काही सापडलं नाही.
मग माझ्या मशीनवरचं ते रिकामं घर पुसलं
आणि बिल्ड लावली.
झाली.
टाळी वाजवायला कोणी नव्हतं, कूलर खडखडला.

एक ओळ तेवढी उरली होती.
सगळं झाल्यावर, काट्याच्या मशीनवर पाठवण्याआधी:
चाळीस सेकंद थांब.
शेजारी त्यांचीच टीप, 'कारण नंतर लिहितो.'

फोन लावला. बोरकुटे आता भिवापूरला,
मिरचीचं कांडप चालवतात. मागे यंत्राची धडधड,
मध्येच त्यांची शिंक.
'सुटीच्या दिवशी काय करून राहिली बाप्पा?'
सांगितलं. खोल्या सांगितल्या, टिंबं सांगितली.
त्यांचं घर पुसलं, ते काही सांगितलं नाही.
'बरं केलं,' म्हणाले, 'मलाच करायचं होतं.
पण काटा चालू होता ना रोज.'
चाळीस सेकंदांचं विचारलं.
यंत्र बंद केलं त्यांनी. बराच वेळ काहीच नाही.
मी घड्याळ पाहिलं नाही, पण असतील तेवढे.
'आठवत नाही गं,' म्हणाले. 'पण काढू नको.'

काढली नाही.
बिल्डच्या पोटातून उचलून सेटिंगच्या फाइलीत आणली,
जिथे येणाऱ्याला ती पहिल्यांदा दिसेल:
थांबा = ४०
आणि त्यांच्या टिपेखाली माझी.
कारण माहीत नाही. विचारलं होतं.